कातड्याखालची ऊब

एल्कची शिकार मला माझ्या थोरल्या दिराने शिकवली, असं आमच्या क्लिअरवॉटरच्या खोऱ्यात अजून काही म्हातारे सांगतात. त्यांनी ते त्या दिराच्याच, डेल्बर्टच्या तोंडून ऐकलेलं असतं. डेल्बर्टला जाऊन बावीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा नियम मी बावीस वर्षं पाळला. आता पुरे.

१९६२ सालचा ऑक्टोबर. माझा नवरा ऑरिन लाकूडतोडीवर होता. सप्टेंबर संपता संपता एक ओंडका उतारावरून सुटला आणि ऑरिनचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. घरात दोन मुली, लोइस सहा वर्षांची आणि नेडा चार. आमच्याकडे हिवाळ्याचं मांस दुकानातून येत नसे. दर शरदात ऑरिन एक एल्क मारायचा, हरणाच्या जातीचं, घोड्याएवढं जनावर, आणि ते आम्हाला एप्रिलपर्यंत पुरायचं. थोडं गारठ्यात टांगून, बाकीचं शिजवून बरण्यांत भरून. त्या वर्षी ऑरिनचा पाय स्टुलावर होता. एल्क नाही, तर हिवाळाभर घेवडा आणि बटाटे, आणि फेब्रुवारीपासून नुसते बटाटे.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू कधी गेलीयेस का?"

"कोंबड्यांवर येणारे कोल्हे कोण मारतं?"

"कोल्हा वेगळा, व्हर्ना. कोल्ह्याला मारून तिथेच टाकतेस. एल्क मारला की काम सुरू होतं."

त्याच्या या वाक्यात सगळं शिक्षण होतं, पण ते मला नंतर कळलं. मी गावात जाऊन माझ्या नावाचा परवाना काढला. परवान्याबरोबर एक कागदी पट्टी मिळते, ती मारलेल्या जनावराला बांधायची. एक पट्टी, एक एल्क. कारकुनाने पट्टी देताना विचारलं, नवऱ्याचं नाव चुकून तर नाही ना लिहायचं राहिलं. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव मला पाठ आहे, माझंच लिही.

ऑरिनने मात्र घाबरून भावाला पत्र टाकलं. डेल्बर्ट त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बाप लवकर गेल्यामुळे ऑरिन त्याच्यापुढे जन्मभर शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. डेल्बर्ट लुईस्टनला शिवणयंत्रं विकायचा. एल्कच्या शिकारीला तो दोनदा गेला होता, दोन्ही वेळा पैसे भरून, जिथे वाटाड्या चहा उशाशी आणून देतो, जनावर दाखवतो, बंदूक भरून हातात ठेवतो आणि नंतरची सगळी घाण स्वतः निस्तरतो. एकदा त्याचा नेम चुकला होता. एकदा लागला होता, आणि त्या एकदावर तो आठ वर्षं जेवत होता.

तो आला तेव्हा अंगात कोरं लोकरी जाकीट, दुकानातली घडी अजून पाठीवर दिसत होती. कमरेला दोन सुऱ्या, एक मोठी आणि एक तिच्याहून मोठी. गळ्यात दोरीने अडकवलेली बांबूची शिट्टी, नर एल्कची आरोळी काढायची. त्याने ती आमच्या स्वयंपाकघरातच फुंकून दाखवली. नेडा टेबलाखाली गेली.

"हिला मी तयार करतो," तो ऑरिनला म्हणाला, माझ्याकडे न बघता. "माझी अट एकच. जे मिळेल ते अर्धं अर्धं."

"मिळालं तर अर्धं तुझंच," ऑरिन म्हणाला. अर्ध्यावर आम्ही चौघं मार्चपर्यंत रडतखडत पोचलो असतो.

शेजारच्या टोलेफने त्याचं खेचर दिलं. टोलेफ नॉर्वेहून आलेला, सत्तरीचा, दात कमी आणि शब्द त्याहून कमी. खेचराचं नाव जज होतं, कारण ते सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि निकाल स्वतःच्या मनाने द्यायचं. दोऱ्या आवळताना टोलेफ मला म्हणाला, "बाई, वारा तोंडावर घे. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल." मग डेल्बर्टकडे बघून थुंकला. तंबाखू होती तोंडात, पण वेळ त्याने निवडून घेतली होती.

आम्ही ओढ्याच्या कडेने सहा मैल वर जाऊन खिंडीच्या अलीकडे तंबू ठोकला. लार्चची झाडं पिवळी झाली होती, सगळा डोंगर आतून दिवा लावल्यासारखा. मी इतकी वर्षं खालून तो रंग बघितला होता, त्याच्या आत कधी उभी राहिले नव्हते. डेल्बर्ट म्हणाला, "बघत काय बसलीस, लाकडं आण."

पहिल्या दिवशी धडे. "माझ्या पावलावर पाऊल टाक," तो म्हणाला, आणि स्वतः एकही वाळकी काटकी न चुकवता चालत राहिला. दर पन्नास पावलांवर शिट्टी. आता नर एल्क ओरडतात ते सप्टेंबरात, माद्यांसाठी. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते दमून, रोडावून, गप्प चरत असतात. डेल्बर्ट लग्न आटोपल्यावर सनई घेऊन आला होता.

"उत्तर का येत नाही?" मी विचारलं.

"येईल. धीर हा शिकारीचा पहिला गुण."

"आणि दुसरा?"

"प्रश्न न विचारणं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला वास आला. मी दुधाच्या गोठ्यात वाढलेली मुलगी आहे. ओलं अंग, शेण, रवंथ, हा वास मला झोपेत कळतो. वास खालून, दाट फर झाडांच्या घळीतून वर येत होता, वाऱ्याबरोबर, सरळ तोंडावर.

"ते खाली आहेत," मी म्हटलं.

डेल्बर्टने नाक वर केलं. "मला काही येत नाही वास."

"सिगार विझव, येईल."

त्याने विझवली नाही. संध्याकाळी तंबूत त्याने मला पाऊण तास समजावलं की बायकांचं नाक स्वयंपाकाला चांगलं असतं, पण रानात डोळा लागतो. मी घेवडा ढवळत होते. घेवडा लागला नाही, हे त्या नाकाचं श्रेय.

तिसऱ्या सकाळी तो म्हणाला, "तू खिंडीत बस. हलू नकोस, पायापायात येऊ नकोस. मी घळीत उतरून नराला वर बोलावतो." मला बाजूला ठेवायचं होतं त्याला, एवढंच. मी खिंडीत एका आडव्या पडलेल्या खोडामागे बसले. वारा खालून तोंडावर होता. अर्ध्या तासाने खालून शिट्टी सुरू झाली, सिगारचा वास वर आला, काटक्या मोडायला लागल्या. घळीतल्या प्रत्येक प्राण्याला कळलं असणार की लुईस्टनहून कोण आलंय. आणि घळीतून निघायला त्या बाजूला एकच वाट होती, ती माझ्यासमोरून जाणारी.

आधी तीन माद्या गेल्या, कान मागे वळवून, पळत नव्हत्या, नुसत्या कंटाळून निघाल्यासारख्या. त्यांच्यामागे नर. पाच पाच फाट्यांची शिंगं, मानेवर काळी आयाळ. खिंडीच्या तोंडाशी तो थांबला आणि मागे वळून त्या शिट्टीकडे बघायला लागला. मला वाटतं त्यालाही तिची कीव आली असावी. मी बंदूक खोडावर टेकवली. खांद्याच्या मागे, ऑरिनने बोट ठेवून दाखवलं होतं तिथे, एक गोळी. तो चाळीसेक पावलं चालत गेला, थांबला, आणि बसल्यासारखा खाली गेला.

लगेच उठून जवळ जायचं नाही हे ऑरिनने दहादा सांगितलं होतं. मी बसून राहिले. रडले थोडी. मग उठून पट्टी बांधली.

डेल्बर्ट धापा टाकत वर आला. आल्या आल्या एक पाय एल्कच्या बरगड्यांवर. "बघितलंस? शिट्टीवर आला."

"शिट्टीपासून पळून आला."

"पोरी, आला की नाही?"

त्याने मोठी सुरी काढली, मग तिच्याहून मोठी काढली, आणि जनावराला तीन प्रदक्षिणा घातल्या. तिसऱ्या प्रदक्षिणेला मला कळलं की कुठून सुरुवात करायची हे त्याला माहीत नाही. हे काम नेहमी वाटाड्याने केलेलं. मी माझी कांदा चिरायची सुरी काढली. माहेरी बापाबरोबर मी वासरं आणि डुकरं कापली होती, हे त्यांच्याहून मोठं होतं, एवढंच. पोट मी रिकामं केलं. त्याने शिंगं धरली, म्हणजे डोकं हलू नये म्हणून, असं तो म्हणाला. मेलेल्या जनावराचं डोकं.

मग कुऱ्हाडीने पाठीचा कणा मधोमध फोडून वाटे केले. डावी बाजू माझी, उजवी त्याची. डोकं त्याचं, ते न सांगताच ठरलं होतं. मी माझ्या वाट्याचं कातडं सोलायला घेतलं तेव्हा त्याने हात अडवला.

"कातडं काढायचं नाही. माती लागते, माश्या बसतात, मांस सुकतं. बर्फ पडतोय, दिसत नाही का? बर्फावर टाकून ठेवायचं. देवाने दिलेली शीतपेटी आहे."

"आतलं गरम आहे, डेल्बर्ट."

"रात्रीत गार होईल."

माझी आई रात्री ओट्सचं पातेलं उकळी फुटली की गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवायची. सकाळी ओट्स शिजलेले असायचे, हाताला चटका बसेल इतके. आणि एल्कचं कातडं कुठल्याही गोधडीपेक्षा जाड असतं. मी एवढंच बोलले, "तुझं तू ठेव तसं, माझं मी ठेवते." मी सोललं. मागच्या पायाला खुब्याच्या हाडापर्यंत सुरी घालून मांस उघडं केलं, पुढच्या खांद्यालाही तसंच, आणि पिठाच्या धुतलेल्या पोत्यांत घालून ओढ्याकाठच्या फरला सावलीत टांगलं. डेल्बर्ट तंबूच्या दारातून बघत म्हणाला, "कपडे वाळत घातल्यासारखं दिसतंय."

सकाळी मी त्याच्या वाट्याच्या मागच्या पायाखाली हात घातला. खालचा बर्फ वितळून खळगा झाला होता. मांडीच्या आत बोटं सरकवली, तर नुकत्याच उठलेल्या कोंबडीखालच्या अंड्यांसारखी ऊब.

"हे अजून गरम आहे," मी म्हटलं. "आत्ता सोल, हाडापर्यंत काप, अजून वाचेल."

तो शिंगांना दोरी बांधत होता. "तू मला शिकवणार?"

मी परत सांगितलं नाही. या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं, डेल्बर्टसाठी नाही. तो एल्क खिंडीत उभा राहून मागे बघत होता, त्याच्यासाठी. दुसऱ्यांदा सांगायला माझं काही गेलं नसतं.

पुढचा धडा असा की खेचरावर एका वेळी अर्धाच एल्क मावतो. "मला सोमवारी दुकान उघडायचंय," डेल्बर्ट म्हणाला. "माझं आधी नेतो. जजला उद्या सकाळी परत पाठवतो, कुणाच्या तरी हाती." त्याच्या वाट्याचे दोन पाय कातड्यासकट, वर डोकं, शिंगं आकाशाकडे. जज माझ्याकडे बघत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी वाट बघितली. मग पाठीवर ओझं बांधायची लाकडी चौकट होती, तिला मागचा पाय आणि पाठीचं मांस बांधलं आणि निघाले. ते ओझं घेऊन उभं राहता येत नाही. आधी त्याच्यावर उताणं पडायचं, पट्टे खांद्यात घालायचे, मग कुशीवर वळायचं, मग गुडघ्यांवर, मग झाड धरून वर. हे मला कुणी शिकवलं नाही, चार वेळा पडल्यावर आलं. सहा मैलांत मी किती वेळा बसले ते माहीत नाही, पण बसताना दर वेळी उठायला जवळ झाड आहे ना बघितलं.

अंधारायच्या आत घरी पोचले. जज टोलेफच्या कुंपणात उभा होता, कालपासून.

"डेल्बर्ट म्हणाला तू मागून येतेयस," ऑरिन म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा होता.

"आले की मागून."

मग कळलं की डेल्बर्टने काय केलं. आमच्याकडे त्या काळी एल्क मारला की गाडीच्या नाकावर बांधून गावातून न्यायची पद्धत होती. एक फेरी, लोक हात करतात, मग घरी जाऊन टांगायचं. डेल्बर्टने डोकं आणि दोन्ही पाय नाकावर बांधले आणि वरात काढली. एका गावातून नाही, वाटेतल्या चार गावांतून. पेट्रोलपंपावर थांबला, न्हाव्याकडे थांबला, मेहुण्याकडे रात्रभर गाडी तशीच दारात उभी, शेजाऱ्यांनी सकाळी बघावी म्हणून. आतून हाडाची ऊब, वरून कातडं, खालून इंजिन. मी घरात चुलीवर ठेवलं असतं तरी इतकं मन लावून शिजलं नसतं.

मंगळवारी संध्याकाळी तो परत आला. या वेळी साधा कोट, सुऱ्या नव्हत्या.

"आंबलं," तो ऑरिनला म्हणाला. "हाडापाशी सगळं हिरवं. वास सहन होईना. जनावरच रोगट असणार."

"माझी बाजू रोगट नव्हती," मी म्हटलं.

"हे बघ, व्हर्ना, आपलं अर्धं अर्धं ठरलं होतं."

"तुझं अर्धं तू घेऊन गेलास."

"ते खराब झालं ना."

"तुझ्याकडे झालं."

तो ऑरिनकडे वळला, जसा आयुष्यभर वळत आला होता. "तू सांग हिला. मी तीन दिवस घालवले. मी नसतो तर हिला एल्कचं शेपूट दिसलं नसतं."

ऑरिन प्लास्टरकडे बघत होता. "व्हर्ना," तो हळू म्हणाला, "दे एक मागचा पाय. भाऊ आहे."

एकच मागचा पाय होता. पडवीत टांगलेला, मी पाठीवर आणलेला. तो दिला तर आमच्याकडे पाठीचं मांस उरत होतं, आणि डोंगरावर राहिलेला खांदा नि मान. लोइस दारात उभी राहून सगळ्यांची तोंडं बघत होती.

"वर ओढ्याच्या फरला एक खांदा आणि मान टांगलीय," मी डेल्बर्टला म्हटलं. "ती तुझी. जा, घेऊन ये."

"खेचर मिळेल?"

"टोलेफ म्हणतो, तुला नाही. पाठीवर आण. मी चौकट देते."

"सहा मैल?"

"वर जाताना रिकामा असशील."

त्याने आपल्या बुटांकडे बघितलं. शहरी बूट होते. "एव्हाना अस्वलाने खाल्लं असेल ते," तो म्हणाला.

"मग बघून ये खाल्लं का."

तो बसून राहिला. कॉफी मागितली, ती मी दिली, दोन चमचे साखर घालून, कारण त्याला तशी लागते. कॉफी संपल्यावर तो म्हणाला, "बायकांना बंदूक दिली की हे असं होतं," आणि गेला. ऑरिन त्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला.

बुधवारी मुलींना टोलेफच्या बायकोकडे सोडून मी परत वर गेले. टोलेफ जज द्यायला तयार होता, पण जजच्या पुढच्या खुरात दगड रुतला होता, लंगडत होता. पाठीवरच आणायचं होतं. लार्चची अर्धी पानं गळून वाटेवर पडली होती, पिवळी, मऊ. सगळा वेळ मनात एकच, की अस्वलाने खरंच खाल्लं असेल तर काय.

खाल्लं नव्हतं. करड्या पाखरांनी पोत्याला भोकं पाडून कडेचं थोडं टोचलं होतं. मी पोतं उघडलं, खांद्याच्या हाडापाशी नाक नेलं. थंड, कोरडं, स्वच्छ. बाहेरून काळी चकचकीत साय धरली होती, आत गडद लाल. मी तिथे बसून पाव आणि लोणी खाल्लं. डेल्बर्टची सिगारची थोटकं अजून तंबूभोवती पडली होती, ती मात्र कुठल्याही प्राण्याने खाल्ली नव्हती. मग चौकटीवर उताणी पडले, कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले आणि उठले.

घरी आले तेव्हा चूल पेटलेली होती. ऑरिनने कुबडीवर उभं राहून सगळ्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढून टेबलावर उपड्या मांडल्या होत्या, आणि सुऱ्यांना धार लावून ठेवली होती. त्याने ओझं उतरवायला हात लावला, एका पायावर डुगडुगत.

"डेल्बर्टचा टोलेफकडे फोन आला होता," तो म्हणाला. "तू वर गेलीस का, मिळालं का, विचारत होता."

"टोलेफने काय सांगितलं?"

"टोलेफने मला बोलावलं. मी गेलो, कुबडी टेकत." तो खांद्याचं पोतं सोडवत होता. "मी त्याला म्हटलं, तू म्हणालास तेच खरं. अस्वलाने खाल्लं."

ऑरिन भावाशी खोटं बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत नव्हता, गाठ सोडवण्यात गुंतल्यासारखं दाखवत होता. मी हात धुतले आणि मान कापायला घेतली. मान सगळ्यात चिवट, ती आधी शिजत घालावी लागते.